तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी



दिवाळीनंतर आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आली. वय अडतीस. खुरपणीला जाताना मजुरांनी भरलेली पिकअप उलटली, उजवा हात दोन ठिकाणी मोडला, खुब्याला मार बसला. हात आता कोपरात पुरता वळत नाही. पिशवीत एक्स-रे, सिव्हिलचा केसपेपर आणि टाईप केलेला एक कागद. विमा कंपनी दीड लाख द्यायला तयार आहे, शनिवारी लोकअदालतीत सही करायची, एवढेच तिला सांगितलेले. नवऱ्याचे म्हणणे, मिळतंय ते घे. तिने आम्हाला विचारले, "ताई, दीड लाख कशाचे? हाताचे का खुब्याचे?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी दोघींना त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. हुंड्याच्या, मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस आपण वर्षानुवर्षे लढवतो. अपघाताची केस मात्र 'वकील बघतील' म्हणून सोडून देतो. त्यात बाईचा प्रश्न आहे असे आपल्याला वाटतच नाही. म्हणून हा अंक त्या दीड लाखाच्या निमित्ताने.

भरपाई म्हणजे सरकारी मदत नव्हे, कुणाची दयाही नव्हे. दुसऱ्याच्या चुकीने जे गेले त्याचा तो हिशोब असतो. तो कसा मांडायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात नीट सांगितले आहे. औषधपाणी, प्रवास आणि पुढचे उपचार हा एक भाग. अंथरुणावर असताना बुडालेली कमाई दुसरा. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई तिसरा, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा. त्याशिवाय सोसलेल्या वेदनांचे आणि जगण्यातल्या साध्या सुखांना मुकल्याचे पैसे वेगळे. मृत्यूच्या दाव्यात मृत व्यक्तीच्या स्वतःच्या खर्चापोटी काही हिस्सा वजा होतो. जखमीच्या दाव्यात तो वजा होत नाही, कारण ती जगते आहे, खाते आहे.

आता या बाईचा अर्ज पाहू. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी', उत्पन्नाच्या रकान्यात रेघ. हंगामात रोजाने खुरपणी, दोन शेळ्या, एका गाईची धार, सहा माणसांच्या भाकरी, सासूचे दुखणे, यातले काहीच अर्जात नाही. लिहून घेणाऱ्याने विचारले नाही, आणि तिलाही ते काम वाटले नाही. "घरचंच तर करते," ती म्हणाली.

या रेघेमागे मोठा इतिहास आहे. जमशेदपूरला १९८९ साली एका कार्यक्रमात आग लागून अनेक बायका-मुले गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. किंमत धरली हे मोठेच पाऊल होते. त्याआधी १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या तक्त्यात न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलेले होते. म्हणजे हमालाच्या बायकोची भाकरी स्वस्त आणि साहेबाच्या बायकोची महाग! तो तक्ता आता कायद्यात राहिलेला नाही. २०१० च्या निकालात न्यायालयाने २००१ च्या जनगणनेवरच बोट ठेवले: तिने गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत, काही उत्पन्न न करणाऱ्यांत बसवले होते. २०२१ च्या निकालात आकडे आले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका १५.९८ कोटी, पुरुष ५७.९ लाख. २०१९ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे बाई दिवसाला २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने म्हटले, गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाहून कमी धरताच येणार नाही.

निकाल पुढे गेले, पण खालच्या टेबलावर ३,००० चा आकडा अजून चिकटून आहे. केंद्रावर आम्ही पाटीपेन्सिल घेऊन बसलो. महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. वयाप्रमाणे गुणक ठरलेला असतो. ३६ ते ४० वयाला १५. झाले ५,४०,०००. दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के, म्हणजे १,६२,०००. दीड लाख कुठून आला ते कळले. दवाखाना, वेदना, सात महिन्यांची बुडालेली मजुरी यांचा त्यात पत्ताच नाही.

तोच हिशोब महिना ९,००० धरून केला. चाळिशीच्या आतल्या, स्वतः मजुरी करणाऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, हा २०१७ च्या घटनापीठाचा नियम. तो जखमींनाही लागतो, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. १२,६०० गुणिले १२, गुणिले १५, त्याचे ३० टक्के: ६,८०,४००.

आणि ३० टक्केच का? डॉक्टरांचा दाखला हाताचे अपंगत्व सांगतो, कमाईचे नव्हे. त्या हाताने ती काय करत होती हे पाहून कमाईची टक्केवारी ठरवायची, असे भरपाईचा हिशोब मांडणारा तोच निकाल सांगतो. कारकुनाचा डावा हात गेला तर त्याची नोकरी कदाचित टिकेल, सुताराचा गेला तर धंदा बसतो. हिचा उजवा हात. खुरपे, धार, भाकरी, पाण्याची कळशी, सगळे त्याच हाताचे. ६० टक्के मानले तर आकडा १३,६०,८०० होतो. पण हे न्यायाधीशांना कुणीतरी सांगावे लागते. तिची साक्ष, शेजारणीची साक्ष, आणि डॉक्टरांची उलटतपासणीसकट साक्ष. नुसता दाखला जोडून भागत नाही.

एक खर्च मात्र कुठल्याच अर्जात आम्हाला सापडत नाही. तिच्या थोरल्या मुलीने दहावीचे वर्ष सोडले, कारण घरी स्वयंपाकाला आणि आईची वेणी घालायला कुणी नव्हते. २०२० च्या एका निकालात, बाराव्या वर्षी अपघातात पूर्ण अपंग झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने बारा-बारा तासांच्या दोन मदतनिसांचे प्रत्येकी महिना ५,००० रुपये, गुणक १८, असे २१,६०,००० मंजूर केले. मदतनिसाचा पगार मागता येतो तर! त्याच निकालात लग्नाची संधी गेली म्हणून ३ लाखही आहेत. तो मथळा वाचताना आमच्या बैठकीत वाद झाला. लग्न हीच मुलीची पुंजी असे मानणे खटकते. पण पैसे सोडावेत असे कुणीच म्हणाले नाही.

मग तडजोड करूच नये का? तसे नाही. याच केसमध्ये कंपनीचे एक म्हणणे वजनदार आहे: मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी पॉलिसीत येत नाही. ते टिकले तर बोजा पिकअपच्या मालकावर पडतो, आणि त्याच्याकडे वसूल काय होणार? कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे देऊन मालकाकडून वसूल करायला सांगते, कधी नाही. शिवाय अपिलात वर्षे जातात. म्हणून रक्कम वाजवी असेल तर तडजोड शहाणपणाची ठरते. वाजवी किती, हे आधी मांडलेले मात्र हवे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवणूक झाली असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येते, ती सोपी वाट नव्हे. कोऱ्या कागदावर अंगठा तर कधीच नको.

वकिलाच्या फीबद्दलही बोलले पाहिजे. मिळतील त्यातले इतके टक्के, असा करार वकिलांच्या नियमांत बसत नाही, तरी तो सर्रास होतो. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करायचा. दावा ती राहते तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. बाई दवाखान्यात असतानाच फिर्यादीची व पंचनाम्याची नक्कल काढा आणि औषधांची बिले एका वहीला टाचून ठेवा.

त्या शनिवारी तिने सही केली नाही. नवरा दोन दिवस बोलला नाही. अर्जात दुरुस्ती मागितली आहे, गृहिणीच्या जोडीला 'शेतमजूर' लिहिले आहे, आणि कंपनीनेही आकडा थोडा वाढवून पुन्हा विचारले आहे. पैसे आले तर जातील कुठे, हे पाहताना लक्षात आले की अर्जाला जोडलेले पासबुक नवऱ्याचे होते. तिचे स्वतःचे खातेच नव्हते. गेल्या सोमवारी ते उघडले. सही डाव्या हाताची आहे, बँकेने ती मान्य करायला तीन फेऱ्या घ्यायला लावल्या.