कोणते देशमुख?

माणसाला दोन नावे असतात. एक आईबापांनी हौसेने ठेवलेले, आणि दुसरे कोणी ठेवले, का ठेवले, याचा घरात कोणालाच पत्ता नसलेले. पहिल्याचा अर्थ आपण बारशाच्या आधी चार पुस्तके चाळून नक्की करतो. दुसऱ्याचा अर्थ विचारावा असे जन्मात मनात येत नाही. या सदराच्या एका वाचक भगिनींच्या मनात मात्र ते आले. त्या लिहितात, "आम्ही देशमुख. शेजारचेही देशमुख. त्यांचा आमचा कुलाचार वेगळा, देव वेगळा, जातही वेगळी. मग आडनाव एक कसे?"

प्रश्न मोठा नामी आहे. आम्हां मास्तर मंडळींना तर तो रोज सकाळी हजेरीपटावर भेटतो. विष्णुपुरीला गोदाकाठी एवढे मोठे विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांची मुले तेथे येतात. 'पाटील' म्हणून हाक मारावी, तर वर्गाच्या चारी कोपऱ्यांतून 'हजर' येते. 'देशमुख' म्हटले, तरी तीन हात वर होतात, आणि त्या तिघांत सोयरीक कसलीच नसते.

याचे कारण एका वाक्यात सांगता येईल. देशमुख हे मुळी आडनावच नव्हे; ती नोकरी आहे. येथे 'देश' म्हणजे भारत देश नव्हे, तर परगणा. साधारणपणे वीस ते शंभर गावांचा मुलूख. त्याचा मुख्य तो देशमुख. गावात जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख आणि देशपांडे. पाटील-देशमुखांनी वसुली आणि बंदोबस्त पाहायचा, कुलकर्णी-देशपांड्यांनी हिशेब लिहायचा. आपली चार अत्यंत प्रचलित आडनावे म्हणजे जुन्या महसूलखात्याच्या शिडीच्या चार पायऱ्या आहेत! कर्नाटकाकडे सरकावे, तर हीच जोडी नाडगौडा आणि नाडकर्णी म्हणून भेटते. कोकणात देशमुखाचा देसाई होतो. देशमुखांचाही जो वरिष्ठ, तो सरदेशमुख. त्याचा हक्क शेकडा दहा, म्हणजे सरदेशमुखी. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून आणल्या, हे आपण शाळेत घोकलेलेच आहे.

ही नोकरी वंशपरंपरेची, म्हणजेच वतनाची. आणि वतन जातीला नव्हते, घराण्याला होते. मुलूख ज्याच्या हाती, त्याला देशमुखी. म्हणून मराठा देशमुख झाले, ब्राह्मण झाले, कायस्थ प्रभू झाले, लिंगायत झाले, मुसलमानही झाले. पलीकडे तेलंगणात रेड्डी आणि वेलमा घराण्यांकडेही देशमुखी होती. थोरांचीच नावे पाहा. 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिद्धये. विदर्भाचे पंजाबराव देशमुख मूळचे कदम. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. आमच्या मराठवाड्यातले म्हणाल, तर नानाजी देशमुख हिंगोलीकडच्या कडोळीचे, आणि विलासराव देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचे. पाच थोर माणसे, आडनाव एक, आणि रक्ताचे नाते बहुधा नाही.

म्हणजे देशमुखाच्या पोटात आणखी एक आडनाव दडलेले असते. कोठे ते स्मरणात राहते, कोठे वतनाच्या प्रतिष्ठेपुढे पार पुसले जाते. आणि ज्याचे वतन, त्याचे सगळे भाऊबंद तेच नाव लावू लागतात. देशमुखी करणारा एक, देशमुख म्हणवून घेणारे चाळीस! या आडनावाच्या लोकप्रियतेचे सगळे गणित हेच.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र समजू नये. ज्या स्कॉटिश साहेबांनी आपल्यावर राज्य केले, त्यांची आडनावे उलगडली, की आपल्याच गल्लीत आल्यासारखे वाटते. 'मॅक' म्हणजे मुलगा, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन घ्या. एल्फिन्स्टन हे एडिंबराच्या पूर्वेकडचे एक खेडे. कुरुंद्याचे ते कुरुंदकर, देगलूरचे ते देगलूरकर. तसे हे साहेब एल्फिन्स्टनकर! त्यांच्यामागून गव्हर्नर झालेले, महाबळेश्वरच्या माल्कमपेठेचे माल्कम. या नावाचा अर्थ कोलंबा नामक संताचा सेवक. आपल्या रामदासाच्या जातीचे नाव. मराठ्यांची बखर १८२६ साली इंग्रजीत छापणारे ग्रँट डफ. ग्रँट म्हणजे थोर आणि डफ म्हणजे काळा. साताऱ्यात ते थोरले काळे म्हणून सहज खपले असते. कॅम्पबेल म्हणजे तर चक्क वाकडतोंड्या. आपल्या देशमुखात देशाचे मुख आहे; त्यांच्या मुखाला निदान वाकडेपणा तरी नाही, याचा देशमुख मंडळींनी आनंद मानावा.

पण देशमुखाचा सख्खा भाऊ शोभेल असा तेथे एकच, स्टुअर्ट. स्ट्यूअर्ड म्हणजे कारभारी. स्कॉटलंडच्या राजाचे कारभारीपण एका घराण्यात पिढीजात चालत आले. हुद्द्याचेच आडनाव झाले, आणि १३७१ साली त्या कारभाऱ्यांचा वंशजच गादीवर बसला. पुढे फ्रान्समध्ये वाढलेल्या मेरी राणीमुळे त्याचे फ्रेंच स्पेलिंग रूढ झाले. आज तो राजा नाही, ते कारभारीपण नाही. स्टुअर्ट मात्र जगभर आहेत.

आमच्याकडेही तेच. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, सरकारी तहसीलदार नेमले, आणि देशमुख-देशपांड्यांच्या हाती वसुलीऐवजी 'रुसुम' नावाची नगद नेमणूक ठेवली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, पुढच्या साली जहागिऱ्या गेल्या. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतने नष्ट झाली. खुर्ची गेली, पगार गेला, परगणा गेला. दारावरची पाटी राहिली.

पाटी राहिली म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. तर ऐका.

माझा एक विद्यार्थी देशमुख. मराठीत एम. ए. करतो. घरात जुन्या दप्तराचा एक रुमाल आहे, त्यातले कागद वाचता यावेत म्हणून हौसेने मोडी शिकतो आहे. जूनमध्ये तो खोली शोधत होता. एका सद्गृहस्थांना त्याने फोन केला, "मी देशमुख बोलतो." गृहस्थ खूष झाले. भाडे ठरले, आगाऊ रक्कम ठरली, 'उद्या सामान घेऊनच या' असे सांगणे झाले. दुसऱ्या दिवशी हा वळकटी घेऊन दारात उभा राहिला. त्यांनी कौतुकाने पूर्ण नाव विचारले. त्याने सांगितले. त्याचे पहिले नाव मुसलमानी आहे. गृहस्थांना तत्काळ आठवले, की खोली कालच एका भाच्याला देऊन टाकली आहे.

तो वळकटीसह माझ्याकडे आला आणि हसत म्हणाला, "सर, आडनावाने दार उघडलं आणि नावाने लावलं." हसत म्हणाला खरा, पण चहाचा कप किती तरी वेळ हातातच होता.

सौभाग्यवतींनी दारामागून सगळे ऐकले होते. थोरली पुण्याला शिकायला गेल्यापासून आमची माडीवरची खोली रिकामीच आहे. "रात्री फार जागतो का हो तो?" एवढेच त्यांनी मला आत बोलावून विचारले. जागतो, मी म्हणालो, मोडी वाचत बसतो. "मग माडीवरचा दिवा बदलायला हवा, फार मंद आहे," असे म्हणून त्या कणीक मळायला लागल्या.

तेव्हा भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपण आणि आपले शेजारी एका रक्ताचे नसाल, पण एका कचेरीतले जुने सहकारी आहात. आडनावावरून माणूस ओळखण्याची आपली खोड काही एवढ्याने जाणार नाही. २०२५ साली बीड जिल्ह्यात पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढून नुसते नाव ठेवण्यात आले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आले. आडनाव एक घर मागे सरकले. एवढ्याने जात जाईल असे म्हणण्याइतका भाबडा मी नाही. पण 'कोणते देशमुख?' हा प्रश्न ज्यांच्या जिभेवर असतो, त्यांनी तो एकदा इतिहासाला विचारून पाहावा. इतिहासाचे उत्तर असे, की सगळेच.

दिवाळीत घरी नवी माणसे येतील. आडनाव अवश्य विचारा, त्याचा अर्थही विचारा. पुष्कळ मौज हाती लागते. मात्र फराळाची ताटली आधी पुढे करा.