चूक ब्राउझरची, अडाणी मात्र मावशी?

गेल्या महिन्यात दिव्यात आमच्या शेजारच्या एक मावशी मोबाईल घेऊन घरी आल्या. मुंबईत एका ऑफिसात हाऊसकीपिंगला जातात. लेकाच्या शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात आले का, एवढंच बघायचं होतं. पण बँकेची साइट उघडली की लाल खूण आणि 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. म्हणाल्या, "माझ्याच हातून काय बिघडलं असंल भाऊ. मी अडाणी."

बिघडली होती मोबाईलची तारीख! पोराने गेमसाठी ती पार पुढच्या वर्षात नेऊन ठेवली होती. बँकेच्या साइटला एक प्रमाणपत्र असतं, त्याला मुदत असते. ब्राउझर ती मुदत मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच पुढे, म्हणून चालू प्रमाणपत्र त्याला मुदत संपलेलं दिसलं. सेटिंगमध्ये तारीख 'ऑटोमॅटिक' केली आणि साइट उघडली.

पण त्याआधी मावशींनी एक दिवस खाडा केला होता, आणि एका सायबर कॅफेत पन्नास रुपयांसोबत युजर आयडी-पासवर्डचा कागदही देऊन आल्या होत्या. पहिल्यांदा तो पासवर्ड बदलला.

दिव्याचा माणूस पहाटेची लोकल पकडतो. बँकेची शाखा उघडते तेव्हा तो मुंबईत कामावर असतो. शाखेत जायचं तर रोजगार बुडतो. म्हणून ऑनलाइन बँकिंग ही त्याची चैन नाही. आणि नेमकं तिथेच इंग्रजीतला, सांकेतिक इशारा आडवा येतो. ज्ञान मूठभरांकडे, बाकीच्यांनी दारोदार विचारत फिरायचं आणि वर स्वतःलाच अडाणी म्हणायचं. ही व्यवस्था आपल्याला नवी आहे का?

काही कार्यकर्ते मित्र विचारतात, "चळवळ सोडून हा कॉम्प्युटर क्लास कशाला?" बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ 1923 साली आला, हे आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. मग आपल्याच वस्तीतला रुपया खात्यात अडकतो, तेव्हा ते काम चळवळीबाहेरचं कसं?

म्हणून मित्रांनो, इशारा वाचायला शिका. बाकी साइट चालतात आणि फक्त बँकेची अडते, तर त्या साइटच्या कुकीज आणि कॅशे काढून टाका, किंवा इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. लॉगिनची खिडकीच उघडत नसेल तर पॉप-अप अडवलेला असू शकतो. व्हीपीएन असेल तर बंद करा. 500 किंवा 503 आकडा दिसला तर बहुतेक वेळा बिघाड पलीकडे असतो. आपण थांबायचं, मोबाईल रिसेट करत बसायचं नाही. जुना सेव्ह केलेला पत्ता चालत नसेल तर आठवा: रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. आणि तारीख बरोबर असूनही लाल इशारा येत असेल, विशेषतः फुकटच्या वायफायवर, तर 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जाऊ नका. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथे ठग बसलेले असतात. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930.

मात्र सगळा भार वस्तीनेच का उचलायचा? विंडोज सेव्हनसाठी क्रोमचे अपडेट 2023 च्या सुरुवातीलाच थांबले. ती जुनी, सेकंडहँड यंत्रं अजून चालतात ती कोणाच्या घरात? बँकांनी इशारे आणि मदत मराठीत द्यावी, ही मागणी आपण लेखी करायला हवी. सेवेबद्दलच्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी लागत नाही. तक्रारीसोबत इशाऱ्याचा स्क्रीनशॉट जोडा.

येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात बसतोय. आईला, मावशीला घेऊन या, मोबाईल चार्ज करून आणा. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका.

जयभीम!