‘डिस्क चालेल अजून’

आपल्याकडे गाडीच्या ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘चालेल’ हा आहे. खर्रखर्र आवाज यायला लागला की माणूस गॅरेजला जातो. चाक निघतं, झिजलेले पॅड बाहेर येतात, मेकॅनिक डिस्कवरून बोट फिरवतो आणि निकाल देतो, “डिस्क चालेल अजून, फक्त पॅड टाकू.” मालक खूश, चार पैसे वाचले. बोट फिरवून मिलिमीटर कसे मोजतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

मला या निकालाशी भांडायचं आहे, आणि भांडणाला गणपतीपुळ्यासारखी जागा नाही. सुट्ट्या लागल्या की निम्म्या महाराष्ट्राच्या घरच्या गाड्या इथे उतरतात. ‘उतरतात’ हा शब्द मी मोजून वापरतोय. कोल्हापूर-सांगलीकडचे आंबा घाट उतरून येतात, कराडकडचे कुंभार्ली. मग निवळी, जाकादेवी, चाफे असं करत समुद्रापर्यंत पुन्हा उतार, किंवा रत्नागिरीहून आरे-वारेचे चढउतार. पाच जणांच्या गाडीत सात जण, वर बॅगा. एरवी शहरात सिग्नलला थांबण्यापुरता वापरलेला ब्रेक इथे पहिल्यांदा खरं काम करतो.

ते काम किती, याचा हिशोब करून पाहा. माणसांसकट १५०० किलोची गाडी ४०० मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत खोलीतल्या तापमानाचं जवळजवळ १८ लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग वारा घेतो, खालच्या गिअरमध्ये असाल तर इंजिन बराच घेतं. पण आपले बरेच चालक पेट्रोल वाचवायला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, काही महाभाग तर न्यूट्रलमध्ये घाट उतरतात. मग ती सगळी उष्णता ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर येते.

म्हणून डिस्कची जाडी महत्त्वाची. डिस्क म्हणजे उष्णता साठवणारं बिडाचं भांडं. भांडं पातळ झालं की तेवढ्याच आचेवर लवकर तापतं. मग पॅड पकड सोडतात, पेडल नेहमीसारखं लागतं पण गाडी थांबत नाही. शिवाय झिजलेल्या डिस्कच्या कडेला ओठासारखी धार उभी राहते. तिच्यावर नवा पॅड बसवला तर तो सगळ्या अंगाने टेकत नाही. नव्या पॅडचे पैसे दिले आणि अर्ध्या पॅडचा ब्रेक घेतला.

आणि ‘चालेल की नाही’ हा मताचा प्रश्नच नाही. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, ‘मिन टीएच’ म्हणून. गंजाने दिसत नसेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. नवी जाडी आणि ही किमान जाडी यांत बहुधा दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. बोटाला तो कळत नाही. साध्या व्हर्नियरनेही फसायला होतं, कारण त्याचे जबडे कडेच्या ओठावर अडकतात आणि जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. दोन मिनिटांचं काम आहे. ‘लेथला लावून प्लेन करून देतो’ म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा: प्लेन केल्यावर किती उरेल? किमान आकड्याच्या खाली जाणार असेल तर लेथची मजुरी पाण्यात.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकार आहे. घरचा माणूस कुवेतला किंवा दुबईला, गाडी अंगणात ताडपत्रीखाली. सबंध पावसाळा ती हललेली नसते, आणि रत्नागिरीचा पाऊस म्हणजे ३००० मिलिमीटरच्या वरचा, त्यात खारा वारा. साहेब सुट्टीवर येतात, बॅटरी बदलतात, हवा भरतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं खानदान बसवून फिरायला निघतात. रात्रभरात आलेला तांबूस गंज चारदोन ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. पण महिनोन्‌महिने बसलेला गंज डिस्कला खड्डे पाडतो आणि कॅलिपरच्या पिना जाम करतो. मग आतला पॅड संपतो, बाहेरचा नवा दिसतो, आणि चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला तेवढा बाहेरचाच दिसतो. अशा गाडीचं पुढचं चाक काढल्याशिवाय तिला घाट दाखवू नये.

उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, ही शिकवण आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. आपण काचेवर ‘माशाअल्लाह’ चिकटवतो आणि दोरी तपासत नाही. पुढच्या गाडीत डॅशबोर्डवर बाप्पा असतो. दोन्ही गाड्यांच्या डिस्क सारख्याच झिजतात.

दुसऱ्या टोकाचे शौकीनही आहेत. त्यांना भोकं पाडलेल्या, चरे मारलेल्या डिस्क हव्यात, वर कॅलिपरला लाल प्लॅस्टिकचं कव्हर. भोकं पाडली म्हणजे बीड कमी झालं, भांडं हलकं झालं, आणि फार तापल्यावर त्याच भोकांपासून तडे जातात. कव्हर वारा अडवतं. घरच्या गाडीला मूळ मापाची, साधी, नावाजलेल्या कंपनीची डिस्क लागते. बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही, आणि त्यांच्याबरोबर पॅडही. शोरूमचे दर जड वाटत असतील तर ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश यांसारख्यांचा माल बाहेरच्या दुकानात मिळतो. फक्त पक्कं बिल घ्या आणि सील असलेलं खोकं आपल्यासमोर फोडायला लावा.

पॅडच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. युरोपात बदली पॅडसाठी आर-९० हा नियम आहे, त्यात मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांपलीकडे ढळायला परवानगी नाही. आपल्या बाजारात मात्र निम्म्या किमतीला बिननावाचा पॅड मिळतो आणि गिऱ्हाईक तो मागून घेतं. त्यात काय भरलंय हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही, हे लक्षात ठेवा. आणि मग आठवा तो गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, जो चाक काढल्या काढल्या कॉम्प्रेसरच्या हवेने ती काळी भुकटी उडवतो. वाचलेल्या पाचशे रुपयांचा हिशोब त्याच्या फुप्फुसांत कोणी मांडत नाही. त्याला सांगा, हवा मारू नकोस, ओल्या फडक्याने पूस.

मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. पण ‘डिस्क बदला’ म्हटलं की ‘लुटतो’ म्हणणारे आपणच. त्यानेही तोंड बघून बोलायला शिकून घेतलंय. सीट कव्हरला, म्युझिक सिस्टीमला, अलॉय व्हीलला आपण घासाघीस न करता पैसे मोजतो, आणि त्याच अलॉयच्या मागची डिस्क ‘चालते’.

ब्रेक ऑइल राहिलंच. ते हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शिरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. घाटात तेल उकळलं की वाफ होते, आणि पेडल थेट खाली जातं. डिस्क-पॅड बदलताना तेही बदला, आणि आमच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी.

नवे पॅड-डिस्क बसवून त्याच संध्याकाळी आंबा घाटाकडे निघू नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत आणणारे आठ-दहा मध्यम ब्रेक मारा, मधे त्यांना निवू द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहा.