व्यसनमुक्ती केंद्र निवडताना



गेल्या आठवड्यात लोणच्याला बुरशी का येते ते लिहिलं होतं. या आठवड्यात वर्षाच्या मसाल्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण वसमतहून एका भगिनीचं पत्र आलं आणि मसाला बाजूला ठेवावा लागला.

त्या लिहितात, “मिस्टरांची दारू आता सकाळी उठल्यापासून सुरू होते. हळद विकून चार पैसे हाती आलेत. ओळखीचा एक माणूस म्हणतो, केंद्राची गाडी पहाटे घरी येईल, त्यांना उचलून नेईल. तीन महिन्यांत दारू सुटण्याची गॅरंटी. फक्त पैसे आधी भरायचे. सासूबाई म्हणतात, एकदाचं पाठवून टाक. पाठवू का?”

ताई, उपचाराला जरूर पाठवा, पण त्या गाडीतून नको. असं का म्हणते ते सांगते, कारण ही चूक आमच्या घरात होऊन गेली आहे.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही असंच एका गाडीत बसवून दिलं होतं. आईने कोऱ्या कागदावर सही केली. पुढे दीड महिना ना फोन, ना भेट. “पेशंट बिघडतो,” असं उत्तर मिळायचं. घरी आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं, अंगावर वळ होते, आणि आमच्याशी बोलणं बंद. आठव्या दिवशी तो पुन्हा प्याला. ज्यांनी मारलं त्यांचा दोष आहेच. पण आम्ही काय केलं होतं? तांदूळ घेताना दोन दाणे चावून बघतो, साडी घेताना रंग जाईल का विचारतो. आणि घरचा माणूस देताना ती जागासुद्धा पाहिली नव्हती! आम्हाला केवळ तो घरातून जायला हवा होता.

म्हणून जागा पाहायला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या.

पहिला प्रश्न, इथे डॉक्टर कोण आणि केव्हा येतात? रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम थांबली की शरीर बंड करतं. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. कुणाला पहिल्या दोन दिवसांत फिट येते. कुणाला दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, तो भलतंच बडबडू लागतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीवही जाऊ शकतो. त्यामुळे घरी खोलीत कोंडून दारू सोडवायचा खटाटोप करू नका. फिट आली किंवा भास होऊ लागले तर थेट 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पहिले काही दिवस औषधं लागतात, ब-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाडी आणि रक्तदाब पाहावा लागतो. हे काम डॉक्टरांचं. “आमच्याकडे औषध लागत नाही, शिस्तच पुरते,” असं कुणी म्हणालं की तिथूनच परत फिरा.

दुसरा प्रश्न, नोंदणी आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे आणि तो मे 2018 पासून लागू झाला. दारू आणि इतर नशेमुळे होणारे आजार त्यात धरले आहेत. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या जागेची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने मनाई आहे. बळजबरीने मुंडण करता येत नाही. भेटीचा आणि फोनचा त्याला हक्क आहे. त्याच्या मनाविरुद्ध भरती करायची तर मनोविकारतज्ज्ञ धरून दोघा जाणकारांनी त्याला तपासावं लागतं. बायकोने सही केली आणि चौघांनी उचलून नेलं, एवढ्यावर ते होत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

तिसरा प्रश्न, घरच्यांसाठी काय आहे? इथे पुण्याच्या मुक्तांगणची गोष्ट सांगते. पुणं आपल्या हिंगोलीपासून लांब आहे आणि तिथेच जा असा माझा आग्रह नाही. पण पायली ठाऊक असली की धान्य मोजता येतं. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला हे केंद्र सुरू झालं. त्याला आकार दिला तो मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. 1997 मध्ये त्या कर्करोगाने गेल्या, पण काम थांबलं नाही. तिथला निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्यांना हात देतात. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. नवरा आजारी पडला की बाईही आतून पिचते, हे त्यांनी ओळखलं. आपल्या जवळचं केंद्र पाहताना विचारा, मला कधी बोलावणार? माझ्याशी कोण बोलणार? “तुम्ही पैसे भरा, बाकी आमच्यावर सोडा,” हे उत्तर चांगलं नाही.

चौथा प्रश्न, घरी परतल्यावर पुढे काय? हा प्रश्न बायका विचारतच नाहीत. केंद्रात दारू मिळत नाही, तेव्हा तिथे न पिणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा बसस्टँडवर जुने मित्र भेटतात तेव्हा सुरू होते. म्हणून दर पंधरवड्याला, महिन्याला परत भेटायला बोलावतात का, ते विचारून घ्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस नावाची, पिणं सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना धरून चालणारी मंडळी आहेत. 1935 मध्ये अमेरिकेत दोघांपासून सुरू झाली, आज मराठीतही त्यांच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. जवळ सभा कुठे भरते तेही केंद्राला विचारा.

पाचवा प्रश्न पैशांचा. राहणं, जेवण, औषधं, तपासण्या यांत काय काय धरलं आहे ते लिहून घ्या, पावती घ्या. मध्येच घरी आणलं तर किती परत मिळतील तेही विचारा. गॅरंटी देणाऱ्यापासून मात्र दूर राहा. मधुमेहाची गॅरंटी डॉक्टर देतात का? हाही तसाच लांबणारा आजार. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर संस्थांची केंद्रं चालतात, तिथे खर्चाचा बोजा पडत नाही. 14446 या मोफत क्रमांकावर फोन करून आपल्या भागात असं केंद्र कुठे आहे ते विचारा. नुसतं मन मोकळं करायचं असेल किंवा सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा 14416 आहे, तोही मोफत.

आणखी एक. “रुग्णाच्या नकळत दारू सोडवा” अशा जाहिराती आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या पुडीत काय आहे हे कळायला आपल्याला मार्ग नसतो. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. डॉक्टर ते रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने देतात, कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा धोका राहू शकतो. न सांगता भाजीत कालवलं आणि तो बाहेर जाऊन प्याला, तर? भाजी आपल्या हातची असते, हे लक्षात ठेवा.

मग ताई, सुरुवात कुठून करायची? गाडीला नाही म्हणून सांगा, हळदीचे पैसे आगाऊ देऊ नका. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा आणि पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा. नवरा तयार नसला तरी बायकोला सल्ला घेता येतो. त्यांच्याशी बोलायचं ते सकाळी, प्यायच्या आधी. “तुम्ही दारुडे” म्हणू नका. “परवा मुलगी तुमच्या आवाजाने दचकून उठली, मला भीती वाटते, आपण एकदा डॉक्टरांना दाखवू,” एवढंच म्हणा. हात उगारत असतील तर मात्र समजावत बसू नका. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, 112 ला फोन करा.

माझ्या भावाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. दुसऱ्या वेळी आम्ही डॉक्टरांपासून सुरुवात केली. जागा आधी मी आणि वहिनीने पाहिली, मग त्याला दाखवली. या खेपेला तो स्वतःच्या पायांनी गेला. वहिनीला दर आठवड्याला बोलावत. घरी आल्यावर मधे एकदा घसरला, पण त्याच रात्री त्यानेच केंद्राला फोन केला. त्याला तीन वर्षं झाली. पुढचं कुणी सांगावं? पण सकाळी तो शेतात जातो आणि संध्याकाळी शुद्धीवर घरी येतो. पहिल्या केंद्राबद्दल मात्र तो अजून बोलत नाही. त्याची आईने माफी मागितली, मीही मागितली.

ताई, डॉक्टरांना भेटून आलात की दोन ओळी लिहून कळवा. मसाल्याचं प्रमाण पुढच्या आठवड्यात.