भूमध्य समुद्र आणि कुंडमळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पानांवर एक जहाज अवतरते. पांढरेशुभ्र, दहा-बारा मजली, माथ्यावर पोहण्याचा तलाव, कठड्याशी हसतमुख कुटुंब आणि मागे भूमध्य समुद्राचे निळे पाणी. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स ही बंदरे आठवडाभरात दाखविण्याचे आश्वासन त्याखाली असते आणि पैसे हप्त्याने भरण्याची सोय त्याहूनही खाली. दिघी-भोसरी-मोशीच्या पट्ट्यात जी नवी गृहसंकुले उभी राहिली, त्यांतील काही कुटुंबे या सफरीला जाऊनही येतात. त्यांच्याविषयी समाजवादी कार्यकर्त्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: चंगळवाद! ही प्रतिक्रिया चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर ती आळशी आहे.

चुकीची अशासाठी, की विश्रांती आणि करमणूक ही श्रीमंतांची चीज आहे हे मत मुळात गिरणीमालकांचे होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीची मागणी होती. ती पदरात पडावयास १० जून १८९० उजाडावा लागला. आज संगणकासमोर बसणारा अभियंता जी साप्ताहिक सुट्टी उपभोगतो, तिची वंशावळ सत्यशोधक लोखंड्यांपर्यंत जाऊन पोहोचते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि ज्या भूमध्य समुद्राचे त्याला आकर्षण वाटते, त्याचा किनारा तर एके काळी इंग्रज उमरावांचा आणि रशियन सरदारांचा राखीव मुलूख होता. तो सामान्यांना खुला करण्यात मोठा वाटा कोणाचा? १९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांचे लोकआघाडीचे सरकार आले. कारखान्याकारखान्यांतून संप झाले आणि जून महिन्यात दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा संमत झाला. लिओ लाग्रांज या मंत्र्याने कामगारांसाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्या वेळी तेथील प्रतिष्ठितांनी या गर्दीची जी कुचेष्टा केली, ती आपल्याकडच्या काही साथींच्या चंगळवादाच्या प्रवचनाहून फारशी निराळी नव्हती.

तेव्हा भांडण त्या जहाजावरील कुटुंबाशी नाही. भांडण आहे ते त्याच दिघीत, त्याच रस्त्यावर पत्र्याच्या खोलीत राहून चाकणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या रजेसाठी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. कायदा चांगला होता. पण २४० दिवस भरूच द्यावयाचे नाहीत, सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ द्यावयाचा आणि पुन्हा नव्या नावाच्या कंत्राटदाराकडे भरती करावयाची, ही युक्ती या औद्योगिक पट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. नव्या श्रमसंहितांनी ही अट १८० दिवसांवर आणली असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या आहेत. सुधारणा म्हणून तिचे ढोल वाजविले जातात. ज्याची नोकरीच मालकाच्या मर्जीवर आहे त्याचा ब्रेक सातव्याऐवजी पाचव्या महिन्यात आला, तर त्याला अडविणार कोण, याचे उत्तर ढोल वाजविणाऱ्यांपैकी कोणी देत नाही.

मग या कामगाराची सुट्टी कशी होते? एक रविवार, तोही पावसाळ्यातला. पाणी पाहावे, पाण्यात पाय सोडावेत, मुलांना भिजू द्यावे, ही इच्छा त्यालाही असते. ती जहाजाच्या तिकिटाबरोबर जन्माला येत नाही. घरी नळाला २०१९ च्या नोव्हेंबरपासून महानगरपालिकेने दिवसाआड पाणी ठरवून दिले. दिघीशेजारून जाणारी इंद्रायणी आळंदीला कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने फेसाळते, तेथे वारकरी स्नान करतात ते श्रद्धेच्या बळावर. तेव्हा माणसे वरच्या अंगाला जातात, लोणावळ्याला, भुशी धरणावर, तळेगावजवळ कुंडमळ्यावर. ३० जून २०२४ या रविवारी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चौघे गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले.

यावर शासनाचे धोरण काय? जमावबंदीचे आदेश. आणि सुशिक्षितांचे भाष्य काय? ‘लोकांना अक्कल नाही.’ कठडा, जीवरक्षक, गर्दीचे नियमन, परतीची बस, यांची चर्चा चार दिवस चालते आणि पुढच्या रविवारपर्यंत विरून जाते. भुशीच्या पायऱ्यांवर आणि जहाजाच्या डेकवर माणूस एकाच ओढीने जातो. एकाची सुरक्षितता तिकिटात विकत घेतलेली असते, दुसऱ्याला पोलीस दांडक्याने हाकलतात. सार्वजनिक सुखसोयींवर खर्च न करण्याचे पाप झाकण्यासाठी बंदीहुकूमासारखे स्वस्त साधन नाही.

जाहिरातीत न दिसणारे जहाजही पाहावयास हवे. अशी पुष्कळ जहाजे पनामा, बहामा वा माल्टा यांचा झेंडा लावतात. त्याचे कारण कर आणि कामगार कायदे यांच्या हिशेबात आहे. तळमजल्यांवर राबणाऱ्यांत गोव्याची आणि मुंबईची मुले आहेत, महिनोन् महिने सुट्टीवाचून. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकरार खलाशाच्या कामाची कमाल मर्यादा आठवड्याला ७२ तास धरतो. आपल्या १९४८ च्या कायद्याने गिरणी कामगाराला ४८ दिली होती. म्हणजे एका कुटुंबाची सुट्टी दुसऱ्याच्या सुट्टीतून कापून काढलेली आहे. आणि त्याच समुद्रात १४ जून २०२३ रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ मासेमारीची एक बोट बुडाली. तीवर सुमारे ७५० निर्वासित होते, वाचले १०४. त्या पाण्यात ही जहाजे उन्हाळाभर ये-जा करीत असतात.

२०२३-२४ मध्ये भारतीयांनी रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली केवळ परदेश प्रवासासाठी सुमारे १,७०० कोटी डॉलर बाहेर नेले, म्हणजे अंदाजे १ लाख ४० हजार कोटी रुपये. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ग्रामीण रोजगार हमीची मूळ तरतूद ६० हजार कोटींची होती. हे आकडे शेजारी ठेवल्याने पहिला पैसा दुसरीकडे वळत नाही, हे अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. परंतु परकीय चलन सुट्टीवर उधळू देणारे राज्य नदीकाठी चार जीवरक्षक नेमण्याची वेळ आली की तिजोरी रिकामी असल्याचे सांगते, तेव्हा तुटवडा पैशाचा नसून इच्छेचा आहे एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

दिघी, भोसरी, चऱ्होलीतील कार्यकर्त्यांनी जहाजाच्या जाहिरातीवर काळे फासण्याच्या भानगडीत पडू नये. ज्ञानोबांची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाईल, त्याआधी हाती वेळ आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा आहे. त्यातून कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाच्या वाट्याला आजवर काय आले, याचा हिशेब मागावा. भुशी आणि कुंडमळ्यावर जीवरक्षक आणि रविवारच्या बसगाड्या मागाव्यात. आणि चाकणच्या प्रत्येक फाटकापाशी उभे राहून कंत्राटदाराकडे त्याची रजेची नोंदवही मागावी.