सही म्हणजे संमती नव्हे

लेसरचा किरण आता मानवदेहाकडे वळला आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने त्यातूनच मुखकर्करोगाच्या तपासणीचे यंत्र सिद्ध केले. भौतिकशास्त्रज्ञाने वैद्यकाच्या अंगणात येऊ नये, हे आम्हांस मान्य नाही. मज्जातंतूतील संदेशाचा वेग १८५० च्या सुमारास मोजणारे हेल्महोल्ट्झ पुढे भौतिकशास्त्राचेच प्राध्यापक झाले. परंतु मेंदूवरील प्रयोग रुग्णास त्याच्या भाषेत समजाविणे अशक्य, सही पुरे, असे काही विद्वान आम्हांस ऐकवितात. १८७२ च्या करार कायद्याचे तेरावे कलम दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करण्यास संमती म्हणते. आणि भाषेची सबब बडोद्यात तरी सांगू नये! सयाजीरावांच्या राज्यात १८९० साली निघालेल्या कलाभवनात तंत्रविद्या देशभाषेतून शिकविली गेली. ते कष्ट ज्यांना नकोत, त्यांनी रुग्णाचा अंगठाही मागू नये.