फॅट मशीनच्या पाठीमागचं नऊ पिनांचं दार

दिवाळीला लोहाऱ्याला गेलो की फराळाआधी माझ्यापुढं एखादं बंद पडलेलं यंत्र येतं. मी पुण्यात इंडस्ट्रियल ऑटोमेशनमध्ये काम करतो. घरच्यांच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की ह्याला वायरीतलं कळतं. मिक्सर, बोअरचा स्टार्टर, शेजाऱ्यांचा सेट टॉप बॉक्स असं करत करत या खेपेला काकांच्या दूध संकलन केंद्राची पाळी आली.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली. आत वजनकाटा, फॅट मशीन, पावती छापणारा छोटा प्रिंटर आणि या तिघांना जोडलेला एक जुनाट डेस्कटॉप. पावसाळ्यात वीज पडली आणि डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. काटा आणि फॅट मशीन ठणठणीत होते. विक्रेत्याचा माणूस आला, बघून गेला आणि म्हणाला, "आता हा माल येत नाही. काटा, मशीन, कॉम्प्युटर असा अख्खा सेट घ्या." काका तेव्हापासून वहीत हातानं लिहीत होते.

मी त्याला फोन करून एकच प्रश्न विचारला. तुमच्या फॅट मशीनच्या पाठीमागं जो नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, त्यातून माहिती कुठल्या वेगानं आणि कुठल्या क्रमानं बाहेर येते?

"ते कंपनी देत नाही, सर."

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

फॅट मशीन काय ठरवतं ते दूधवाल्या घरातल्या पोरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं लिटरला किमान ३४ रुपये ठरवले, ते याच प्रतीच्या दुधाला. प्रत त्याखाली गेली की प्रत्येक पॉइंटला पैसे कापतात. म्हणजे पहाटे साडेपाचला कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या घरात आठवड्याला किती पैसे येणार, हे त्या डब्यातला एक आकडा ठरवतो. काट्याला निदान वैधमापनचा शिक्का असतो. मिल्कोमीटर तपासा, ही मागणी किसान सभेसारख्या संघटना किती काळ करत आल्या आहेत. आणि त्या डब्याच्या पाठीमागून जे बाहेर येतं ते 'कंपनी देत नाही'.

मी कंपनीची वाट बघितली नाही. माझ्याकडं रास्पबेरी पाय होता, बाजारात यूएसबी-सीरियलच्या केबल मिळतात. दोन लावल्या, एक काट्याला, एक मशीनला. काटा लगेच बोलायला लागला. मशीन गप्प. त्याच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट करायच्या होत्या, म्हणजे याची बोलायची वायर त्याच्या ऐकायच्या वायरीला. तेवढं केलं, मग वेग बदलत गेलो. ९६०० ला कचरा, ४८०० ला कचरा, २४०० ला पडद्यावर ओळ उमटली. फॅट, एसएनएफ, घनता, मिसळलेल्या पाण्याचं प्रमाण, सगळं साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्वल्पविराम टाकून.

कुलूप नव्हतंच! जे 'कंपनी देत नाही' ते एका ओळीचा उघडा मजकूर होता. पाण्याचा आकडा तर जुन्या पावतीवर कधीच येत नव्हता, आणि मशीन तो रोज प्रत्येक कॅनमागं सांगत होतं.

यानंतरची चूक माझी. दोन्ही केबल एकाच जातीच्या होत्या, त्यांना स्वतःचा वेगळा क्रमांक नव्हता. लिनक्स अशा केबलना जी आधी दिसेल तिला शून्य, नंतरचीला एक, अशी नावं देतो. रात्री लाइट गेली, पहाटे आली, पाय पुन्हा सुरू झाला आणि नावांची अदलाबदल झाली. काटाही २४०० वरच बोलत होता आणि माझा प्रोग्राम ओळीतला पहिला आकडा उचलत होता. ६.२० लिटर, ३.६ फॅट असं दूध पावतीवर ३.६ लिटर, ६.२० फॅट होऊन आलं. रांगेतला एक जण म्हणाला, "आमची जर्सी रातीतून म्हैस झाली की!" सगळे हसले. काका हसले नाहीत.

म्हणून मग चार पोर्टांचा सीरियल बोर्ड मागवला. पायच्या डोक्यावर बसतो, त्यावर दोन चिप असतात, प्रत्येक चिप दोन पोर्ट सांभाळते. कुठला पोर्ट कुठल्या चिपचा कितवा, हे पक्कं असतं. त्यामुळं केबल बाबतीत झाला तो खेळ इथं होत नाही, निदान मी तरी नावं पोर्टाच्या जागेला बांधून टाकली. एक सांगतो, पायच्या पिनांना काट्याची वायर थेट लावू नका. पायला ३.३ व्होल्ट झेपतात, आरएस-२३२ ची वायर कायद्यानं उणे १५ ते अधिक १५ पर्यंत जाऊ शकते. मधे पातळी बदलणारी चिप लागतेच, बोर्डवर ती असते.

या बोर्डनंही एक रात्र खाल्ली. विक्रेत्याच्या कागदावर लिहिलं होतं की चिपला ताल देणारा क्रिस्टल १४.७४५६ मेगाहर्ट्झचा आहे. मी सेटिंगमध्ये तेच लिहिलं. पडद्यावर नुसता कचरा. रात्री एकला मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बोर्डवरची ती चकचकीत डबी वाचली. तीवर १.८४३२ होतं, बरोबर आठवा हिस्सा. मी २४०० मागत होतो आणि बोर्ड ३०० नं ऐकत होता. सेटिंगमधला एक आकडा बदलला, चारही पोर्ट सुरू. कागद खोटा होता, डबी खरी होती. डबीवर आकडा छापलेला होता म्हणून मी सुटलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या यंत्राच्या आकड्यावर माणसाचे पैसे ठरतात, त्याच्या दारातून काय बाहेर येतं ते त्याच्या पाठीवर छापलेलं असलं पाहिजे. वेग, ओळीचा क्रम, कुठली पिन कशाची. एका स्टिकरवर मावतं.

यावर पहिला आक्षेप माझ्याच पेशातली पोरं घेतात. दादा, सीरियल संपलं, आता सगळं क्लाउडवर. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं आहे आणि आरएस-४८५ १९८३ चं, हे खरं. पण नवा सेट म्हणून जो विकतात, त्याच्या आत काटा अजूनही याच नऊ पिनांतून बोलतो. क्लाउड त्याच्यावर बसवलेलं झाकण आहे. जुनी गोष्ट उघडी असेल तर ती साठ वर्षांनी लोहाऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत दोन रात्रींत जुळते. नवी आणि बंद असेल तर तीन वर्षांत भंगारात जाते. आपल्या कॉलेजांत मात्र हा विषय 'आरएस-२३२ आणि आरएस-४८५ मधील फरक लिहा, गुण ५' एवढाच उरलाय. मीही ते पाच गुण पैकीच्या पैकी मिळवले होते. खरा काटा जोडला तो नोकरी लागल्यावर.

दुसरा आक्षेप, कंपनीनं मेहनत केलीय, ती का उघडं करेल? मशीनच्या आतलं गणित कुणी मागत नाहीये. दुधात ध्वनिलहरी सोडून फॅट कसं काढता ते तुमच्याकडं ठेवा. पण निघालेला आकडा दूध घालणाऱ्याचा आहे. आकडाही तुमचा म्हणत असाल तर उद्या काटाही पडदा लावून विका.

आणि दार कुणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये यूएसबी-सीरियल चिप बनवणाऱ्या एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिपांची ओळख पुसून शून्य केली. ज्यांनी त्या केबल घेतल्या त्यांना नकली काय नि असली काय माहीत नव्हतं. एका अपडेटनं वायरी मुक्या झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घेतला. नकली चिप विकणारा चोर होताच, पण शिक्षा ज्याचं मशीन बंद पडलं त्याला झाली.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचंच बघा. युरोपनं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं. सरकारनं म्हटलं आणि आयफोनचं भोक बदललं. आपल्याकडं २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारंही घेतली, पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर मिळून काय होतं? नंबर काकांकडं होताच. फोन उचललाही जात होता.

आमच्या गावाच्या नावातच लोहार आहे. कुठल्याही गावच्या लोहारानं केलेला फाळ दुसऱ्या कुठल्याही लोहाराकडं शेवटून मिळायचा. ही काही फार मोठी क्रांतिकारी मागणी नाही.

आता कबुली. पुण्यात गेल्या वर्षी मी स्वतः एका गिऱ्हाइकासाठी असंच यंत्र केलं. त्याच्या सीरियल पोर्टातून बाहेर येणारी ओळ मुद्दाम गिचमिड करून पाठवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये, असं सांगण्यात आलं. मी केलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्या यंत्राच्या पलीकडं कुणाचा काका बसलाय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आणि काकांचंही सांगतो, कारण फक्त कंपनीला धुवून काढणं सोयीचं आहे. काटा थेट जोडल्यावर पावतीवर ४.८७ यायला लागलं. काका म्हणाले, "ते दुसरं आकडं काढून टाक. चार पूर्णांक आठ लिहायचं."

"का?"

"आरं, सांडलवंड असती. सगळीकडं असंच असतंय."

हाती वहीत वीस वर्षं ४.८ च लिहिलं होतं. प्रत्येक कॅनमागं पाच-नव्वद मिली, दोन वेळा, साठ घरं. यात लपवाछपवी आहे असं त्यांना वाटतही नव्हतं, ती रीत होती. मी म्हटलं, दुसरा आकडा काढायचा असेल तर तुम्हीच काढा, मी काढणार नाही. भाऊबीजेच्या सकाळी आमचं यावरून बऱ्यापैकी वाजलं. काकू मधे पडली नाही. तिनं फक्त विचारलं, आपण डेअरीला घालतो तेव्हा टँकरवाला किती आकडे लिहितो? काका उठून गोठ्याकडं गेले.

जानेवारीत काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीचा फोटो पाठवला. दूध ४.८७. फॅट, एसएनएफ, आणि खाली बारीक अक्षरांत पाणी. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं की चौथा पोर्ट रिकामा आहे, त्याला बाहेर रांगेकडं तोंड केलेला मोठा आकड्यांचा बोर्ड लागतो का, आणि केवढ्याला येतो.